उचलू नका, उठू द्या

सकाळी ठाण्याला तलावपाळीवर जा, नाही तर कल्याणला काळ्या तलावाच्या काठी जा. कितीतरी म्हातारी माणसे तेथे फिरताना दिसतात. कोणी हात हलवतात, कोणी गप्पा मारत चालतात. पाहून बरे वाटते.

पण हा धडा त्यांच्यासाठी नाही. काही माणसांना तलावापर्यंत जाता येत नाही. अंगणात यायलासुद्धा त्यांना भिंत धरावी लागते. त्या थकलेल्या माणसांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्या घरच्या मंडळींसाठी हा धडा आहे.

मी छत्तीस वर्षे शाळेत मास्तर होतो. दुसऱ्याला शिकवण्यात आयुष्य गेले. या बाबतीत मात्र मीच चुकलो. ती चूक आधी सांगतो.

आईची गोष्ट

आमचे गाव कल्याणपासून फार लांब नाही. गावाच्या तिन्ही बाजूंनी आता मोठ्या इमारती आल्या आहेत. मुलगा पहाटेची लोकल धरून मुंबईला कामाला जातो. घरी मी, माझी बायको आणि आई. आईचे वय चौऱ्याऐंशी.

आषाढात आईला ताप आला. तीन आठवडे ती खाटेवर पडून होती. औषधाने ताप गेला. पण आम्ही म्हणालो, "आई, आता तू काही करायचे नाहीस. नुसती बसून राहा." चहा तिच्या हातात देऊ लागलो. पाणी तोंडाजवळ नेऊ लागलो. ती उठायला लागली की मी धावत जाई आणि बगलेत हात घालून तिला उचली. लोक म्हणत, "मास्तर आईची किती सेवा करतात!" मलाही ते गोड वाटे.

खाण्याचेही तसेच झाले. सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी पेज. रात्री पुन्हा पेज, नाही तर चहा. आम्हाला वाटे, म्हातारपणी हलकेच खावे.

दिवाळी आली. आईच्या हातातली बांगडी पार कोपरापर्यंत सरकू लागली. खाटेवरून तिला आपले आपण उठता येईना. तिला उचलता उचलता माझ्या बायकोची कंबर धरली. ती बिचारी कोणाला बोलली नाही.

एका संध्याकाळी मी आईला उचलायला गेलो. तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, "अरे, मला उचलू नका रे. मला उठू द्या. तुम्ही उचलता म्हणून माझे पाय मला विसरले."

मी तेथेच थांबलो. आई शाळेत गेलेली नाही. पण पुढे डॉक्टरांनी आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला जे सांगितले, ते आईच्या या एका बोलण्यात होते.

पाय का विसरतात?

आपल्या अंगात स्नायू असतात. स्नायू म्हणजे हाडांवरचे मांस. त्याच्या जोरावर आपण उठतो, चालतो, ओझे उचलतो. बैलाला वर्षभर गोठ्यात बांधून ठेवले, तर तो नांगर ओढील काय? स्नायूंचेही तसेच आहे. वापरले तर टिकतात. वापरले नाहीत तर झिजतात. म्हातारपणी तर फार लवकर झिजतात.

२००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट अशा बारा वृद्ध माणसांना त्यांनी दहा दिवस अंथरुणावर ठेवले. त्यांना काही आजार नव्हता. खायला पुरेसे दिले होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचे मांस सरासरीने जवळजवळ एक किलो घटले. आता विचार करा. माझी आई तीन आठवडे पडून होती. अंगात ताप होता आणि पोटात नुसती पेज होती.

ही झाली वाईट बातमी. आता चांगली बातमी ऐका. १९९० साली अमेरिकेतच बोस्टन शहरात दुसरा प्रयोग झाला. तेथील वृद्धांच्या संस्थेत राहणारी दहा थकलेली माणसे निवडली. वये शहाऐंशी ते शहाण्णव! त्यांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला. जाणकार माणसे जवळ उभी राहून तो करून घेत. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीच पटींहून जास्त झाली.

म्हणजे नव्वदीतले स्नायूसुद्धा ऐकतात. त्यांना रोज सांगावे मात्र लागते.

व्यायाम कोणता करावा?

व्यायाम म्हटले की आपल्याला दंड, बैठका, सूर्यनमस्कार आठवतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत. आपल्या संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. ते १८६८ साली जन्मले आणि १९५१ साली वारले. त्यांचा नेम आपण घ्यावा. पण थकलेल्या माणसाला एकदम नमस्कार घालायला सांगू नये. तो पडेल. त्याची सुरुवात खुर्चीपासून करावी.

आधी डॉक्टरांना विचारावे. हृदयाचा आजार असेल, रक्तदाब फार वाढत असेल, नुकतेच हाड मोडले असेल किंवा ऑपरेशन झाले असेल, तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. डॉक्टरांनी होय म्हटले की पुढचे पाच व्यायाम घरच्या घरी करता येतात. कोणी तरी जवळ उभे राहावे.

पहिला : उठणे-बसणे. लाकडी, जड खुर्ची घ्यावी. ती भिंतीला टेकवून ठेवावी. हलकी प्लास्टिकची खुर्ची घसरते, ती नको. खुर्चीत थोडे पुढे सरकून बसावे. पावले जमिनीवर टेकवून थोडी मागे घ्यावी. मग छाती पुढे न्यावी. नाक पायाच्या बोटांवर आले की पायांवर जोर देऊन उठावे. लागला तर खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा. बसताना धपकन बसू नये. हळूहळू बसावे. बसतानाही स्नायू काम करतात.

दुसरा : पाय सरळ करणे. खुर्चीत बसावे. एक पाय गुडघ्यातून सरळ करावा. मनात तीन अंक मोजावे. हळूच खाली आणावा. मग दुसरा पाय.

तिसरा : टाचा उचलणे. स्वयंपाकाचा ओटा किंवा खिडकीचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभे राहावे. दोन्ही टाचा उचलाव्या. हळू खाली टेकाव्या.

चौथा : भिंत ढकलणे. भिंतीपासून हातभर लांब उभे राहावे. तळहात भिंतीवर ठेवावे. कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि पुन्हा मागे यावे. यामुळे हातांत आणि खांद्यांत जोर येतो.

पाचवा : तोल सांभाळणे. ओटा धरूनच उभे राहावे. दोन्ही पावले जवळ जुळवावी. दहा अंक मोजावे. हे जमले की एक पाऊल थोडे पुढे ठेवून पुन्हा दहा मोजावे. हात सोडायची घाई करू नये.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायाम तीन-तीन वेळा पुरे. सोपे वाटू लागले की पाच वेळा करावा. मग आठ, मग दहा. व्यायाम करताना श्वास कोंडू नये. तोंडाने मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांसाठी सल्ला दिला आहे. ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावा, असे त्यात सांगितले आहे. बाकीच्या दिवशी घरातल्या घरात चालावे. दर तासाला एकदा तरी खुर्चीतून उठावे.

न्यूझीलंड देशात असाच घरचा व्यायाम आणि चालणे वृद्धांना शिकवले गेले. त्यांतले बरेच जण ऐंशीच्या पुढचे होते. त्यांचे पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे पूर्वी तीनदा पडत, तेथे दोनदा. म्हातारपणी एकदा पडून खुब्याचे हाड मोडले, तर सारे घर खचते. ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

केव्हा थांबावे? छातीत दुखले, चक्कर आली, दम फार लागला किंवा घाम सुटला, तर लगेच बसावे. छातीतले दुखणे थांबत नसेल, तर १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. स्नायू थोडे ठणकणे चालते. सांध्यात कळ येणे चालत नाही.

येथे माझी दुसरी चूक सांगतो. मी मास्तर. मला निकालाची घाई. तिसऱ्याच दिवशी मी आईला दहा वेळा उठायला लावले. तिचा गुडघा सुजला. चार दिवस व्यायाम बंद. आई म्हणाली, "पहिलीच्या पोराला तू बाराखडी एका दिवसात शिकवलीस काय?" मी कान धरले.

काय खावे?

व्यायाम म्हणजे गवंडी. पण विटा नसल्या तर गवंडी भिंत कशाची बांधील? अन्नातल्या या विटांना प्रथिने म्हणतात. डाळी, कडधान्ये, दूध, दही, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे यांत प्रथिने भरपूर असतात. पेजेत आणि चहा-बिस्किटात ती फार थोडी असतात. हलके म्हणून आम्ही आईला पेज देत होतो. ती हलकीही होती आणि रिकामीही होती.

किती प्रथिने लागतात? वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम किंवा थोडी जास्त, असे वृद्धांच्या आहाराचे जाणकार सांगतात. माझ्या आईचे वजन ४५ किलो. म्हणजे तिला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवीत. आता हिशेब करू. अंक अंदाजाचे आहेत.

दूध दोन कप : १० ग्रॅम
अंडे एक : ६ ग्रॅम
घट्ट वरण किंवा उसळ दोन वाट्या : १२ ग्रॅम
शेंगदाणे एक मूठ : ७ ग्रॅम
दिवसभराचा भात-भाकरी : १५ ग्रॅम

बेरीज करा. ५० होते की नाही?

यात महागाची वस्तू एकही नाही. बाजारात प्रथिनांच्या पावडरीचे मोठे डबे मिळतात. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर त्यांच्या मागे लागू नये. अंडे खात नसाल तर एक वाटी दही किंवा आणखी एक वाटी उसळ घ्यावी. आपल्या भागात वालाचे बिरडे होते, मासे मिळतात, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डूची भाजी उगवते. शेवग्याचा पालाही चांगला. नाचणीत हाडांना लागणारे चुन्याचे सत्त्व पुष्कळ असते. नाचणीची आंबील दुधात केली तर दोन्ही मिळतात. सुकट आणि बोंबील यांत प्रथिने भरपूर आहेत, पण मीठही फार असते. रक्तदाब असणाऱ्याने ते बेताने खावे आणि धुऊन घ्यावे.

दात नाहीत म्हणून खाणे सोडू नये. खाण्याचे रूप बदलावे. शेंगदाण्याचे कूट करावे. मुगाची खिचडी मऊ शिजवावी. अंडे भातात कुस्करावे. मासा असेल तर काटे नीट काढावे. एकदम ताटभर जेवण म्हाताऱ्या माणसाला जात नाही. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. चहा जेवणाच्या आधी देऊ नये. भूक मरते. जेवताना नेहमी ताठ बसवावे. आडवे असताना घास भरवू नये, ठसका लागतो. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

पाणीही आठवणीने द्यावे. म्हातारपणी तहान कमी लागते. रात्री उठावे लागते म्हणून काही जण मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यांना दिवसा जास्त द्यावे, रात्री कमी.

पण एक सूचना. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यावी, ते डॉक्टरच ठरवतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने पाणीही त्यांना विचारूनच घ्यावे. मधुमेह असेल तर गोड आणि भात बेताने घ्यावा. आणि काही कारण नसता वजन उतरू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. दवाखान्यात दाखवावे.

घर कसे असावे?

घरात चारी बाजूंनी एकदा पाहा. मोरीत पाणी साचून शेवाळ धरले आहे काय? दाराशी पायपुसणे घसरते काय? उंबरठा अंधारात आहे काय? रात्री एक लहान दिवा चालू ठेवावा. मोरीत आणि संडासात हाताला धरायला लोखंडी दांडी बसवावी. खाट फार खोल असेल तर पायांखाली भक्कम ठोकळे द्यावे. चाळीत राहत असाल तर जिन्याचा कठडा हलतो का, ते पाहावे. झोपेतून उठल्यावर म्हाताऱ्या माणसाने लगेच उभे राहू नये. खाटेच्या काठावर क्षणभर बसावे, मग उठावे. नाही तर घेरी येते.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर हात धरून ओढू नका. आधी विचारा, कोठे दुखते? कमरेत किंवा मांडीत फार कळ असेल, पाय वाकडा किंवा आखूड दिसत असेल, तर हलवू नका. १०८ ला फोन करा.

सेवा करणाऱ्याने काय करावे?

सेवा म्हणजे सगळे आपण करणे नव्हे. जे त्याला जमते, ते त्याला करू द्यावे. वेळ लागला तर लागू द्यावा. आई लसूण सोलते, मेथी निवडते, घड्या घालते. माझ्या बायकोचे ते काम पाच मिनिटांचे. आईला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तिच्या हातांचा व्यायाम आहे आणि मनाचाही.

आधार द्यायचा तर कमरेजवळ द्यावा. हात धरून वर ओढू नये, खांदा निखळतो. ज्या बाजूचा पाय अशक्त, त्या बाजूला उभे राहावे.

आणि सेवा करणाऱ्याचीही कंबर आहे, झोप आहे, मन आहे. बहुतेक घरांत ही सेवा सुनेवर किंवा लेकीवर पडते. बाकीचे सल्ला देतात. मीही तेच करीत होतो. आता आम्ही काम वाटून घेतले आहे. सकाळचा व्यायाम मी घेतो. रविवारी मुलगा घेतो. बायको रविवारी आपल्या बहिणीकडे जाते, कधी नुसती झोपते.

शेजाऱ्यांनाही बोलवावे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहर आहे. तेथील एक पाहणी २०१६ साली छापून आली. साधी स्वयंसेवक माणसे शिकून तयार झाली आणि थकलेल्या वृद्धांच्या घरी जाऊ लागली. काही वृद्धांकडून त्यांनी व्यायाम करून घेतला आणि आहाराचे सांगितले. काहींशी त्यांनी मुख्यतः सोबत केली, गप्पा मारल्या. दोन्ही गटांत वृद्धांचे पोषण सुधारले आणि अशक्तपणा कमी झाला. सोबत हेही औषध आहे, असे दिसते.

आमच्याकडे शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी येते. आई उठते-बसते आणि ती मोठ्याने अंक मोजते. मग कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहिते. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. तुम्हीही तसा आकडा लिहा. महिन्याच्या शेवटी पहिला आकडा आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहा.

पुढे काय झाले?

आईच्या पहिल्या दिवसाचा आकडा होता एक. तोही दोन्ही हातांनी जोर लावून. पौषात तो पाच झाला. माघात तिला सर्दी झाली, आकडा पुन्हा तीनवर आला. आम्ही घाबरलो नाही. फाल्गुनात तो आठवर गेला.

होळीच्या रात्री चौकात होळी पेटली. पूर्वी आई नारळ घेऊन स्वतः जाई. यंदा ती चौकापर्यंत गेली नाही. तेवढी ताकद अजून नाही, कदाचित येणारही नाही. पण ढोल वाजला तेव्हा ती खुर्चीतून उठली. मी सवयीने पुढे झालो. बायकोने माझा सदरा धरला आणि म्हणाली, "अहो, थांबा."

आई आपली आपण ओट्यापर्यंत आली. चौकट धरून उभी राहिली. होळीला हात जोडले. मग मागे वळून म्हणाली, "भूक लागली गं. काय केलंयस?"

लक्षात ठेवा

१. पडून राहिल्याने ताकद जाते. रोज थोडे उठल्याने ती परत येऊ शकते.
२. तीनपासून सुरू करा. घाई करू नका.
३. पेज आणि चहावर ठेवू नका. डाळ, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे द्या.
४. सेवा करणाऱ्यालाही विसावा द्या.
५. आधाराला उभे राहा. पण उचलू नका, उठू द्या.

प्रश्न

१. आई "माझे पाय मला विसरले" असे का म्हणाली?
२. तुमच्या घरातले वृद्ध माणूस काल दिवसभरात काय काय जेवले? पाटीवर लिहा. त्यात प्रथिनांचे पदार्थ किती?
३. तुमच्या घरात पाय घसरण्याच्या जागा कोणत्या? त्यांतली एक आजच दुरुस्त करा.
४. तुमच्या घरी सेवा कोण करते? तिचे कोणते काम तुम्ही उद्यापासून घ्याल?